गल्लीतले जुने दिवे बदलताना आधी खांबाच्या पायाशी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या गावठाणातली साधारण 220 मीटरची गल्ली, रुंदी पाच-साडेपाच मीटर. अकरा दिवे. त्यातले सात लोखंडी खांबांवर, चार वाड्यांच्या भिंतींतल्या ब्रॅकेटवर. बहुतेक सोडियमचे, दोन अजून ट्यूबलाइटचे. आता वॉर्डाच्या निधीतून सगळे एलईडी होणार आहेत. पण शेजारच्या प्रभागात असंच काम झालं आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मे दिवे गेले. जे उरले त्यांचा पांढरा झोत थेट दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत येतो. रहिवासी मंडळाच्या चिटणीस ताई विचारतात, काम सुरू होण्याआधी आम्ही नेमकं काय बघायचं आणि काय मागायचं?

ताई, मी एका महापालिकेच्या विद्युत विभागात जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. मधली सगळी वर्षं रस्त्यावरच्या दिव्यांतच गेली. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: दिवा ही या कामातली सगळ्यात शेवटी बघायची वस्तू आहे. शेजारच्या प्रभागातले दिवे निकृष्टच होते असं मी लगेच म्हणणार नाही. नवे दिवे जुन्या केबलवर आणि जुन्या जोडांवर टांगले असतील, एवढं मात्र जवळजवळ पैजेवर सांगतो.

सोडियमचा दिवा हा दणकट गडी. त्याचा चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार, दीड-दोन किलो वजनाचा ठोकळा. व्होल्टेज वर गेलं तर तो गुणगुणतो, तापतो, पण सहसा एका रात्रीत मरत नाही. एलईडीत चोकच्या जागी ड्रायव्हर असतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट. त्याला ऊन, दमट हवा आणि व्होल्टेजचा धक्का तिन्ही सोसत नाहीत. जुन्या लाइनचे जे दोष सोडियमने वीस वर्षं पोटात घातले, ते एलईडी वर्षभरात चव्हाट्यावर आणतो.

त्यातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार. रस्त्यावरचे दिवे तीन फेजवर वाटलेले असतात: पहिला खांब आर, दुसरा वाय, तिसरा बी, चौथा पुन्हा आर. न्यूट्रल तिघांना एकच. तो फीडर पिलरमध्ये (दिव्यांच्या लाइनला वीज देणारी रस्त्याकडेची पेटी) किंवा एखाद्या जोडात तुटला, की प्रत्येक दिव्याला 230 व्होल्ट मिळायची खात्री संपते. ज्या फेजवर दिवे कमी, तिथे व्होल्टेज साडेतीनशे-चारशेकडे सरकतं. आमच्याकडे एका रस्त्यावर नवे दिवे लागून चार महिने झाले होते आणि एका रात्रीत एकोणीस गेले. ठेकेदार म्हणाला, वीज पडली. त्या रात्री ढगही नव्हते. सकाळी वायरमनने पिलरचं दार उघडलं आणि मला नुसतं बोट दाखवलं. न्यूट्रलच्या लगवर, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर, हिरवट-पांढरा थर चढलेला, नटखाली काळा डाग, आणि केबल हाताने हलवली तर लग बोल्टवर चक्क फिरत होता. ॲल्युमिनियमची केबल, वर तांब्याचा लग, मधे वर्षानुवर्षांची ओल. शंभर-दीडशे रुपयांच्या बायमेटलिक (दोन्ही धातूंना चालणाऱ्या) लगचं काम टाळलं आणि एकोणीस ड्रायव्हर जाळले.

म्हणून पहिली मागणी लेखी करा: दिवे चढवण्याआधी फीडर पिलरमधले सगळे लग नवे, न्यूट्रलची पट्टी स्वच्छ, केबलचं मेगर टेस्टिंग, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, करून त्याचे आकडे नोंदवलेले. शिवाय ड्रायव्हर 440 व्होल्टचा मारा सोसणारा आणि फिटिंगमध्ये किमान 10 केव्हीचं (किलोव्होल्ट) सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक धक्क्यापासून बचाव. निविदेत हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतंच. आलेल्या मालात ते आहे का, हे फारसं कोणी बघत नाही.

आता खांब. तुमच्या गल्लीत डांबराचे किती थर चढलेत ते आठवा. जुन्या भागात दर काही वर्षांनी आधीचा थर न खरवडता नवा टाकतात, आणि रस्ता फूट-दीड फूट वर येतो. खांब मात्र तिथेच असतो. त्याच्या पोटात एक छोटं दार असतं, आत केबल जोडायचा जंक्शन बॉक्स आणि कट-आउट, म्हणजे फ्यूज. हे दार बसवताना जमिनीपासून चांगलं उंच ठेवलेलं असतं. आज जाऊन बघा, अर्ध्या खांबांची दारं रस्त्याला टेकलेली दिसतील आणि एक-दोन पार गाडली गेली असतील. पाऊस झाला की पाणी सरळ त्या डब्यात. दाराची झाकणं भंगारात गेलेली, वर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. पावसाळ्यात खांबाला चिकटून कुत्रं मेलं, गाय मेली असं आपण ऐकतो, त्यातल्या बऱ्याच घटनांची मुळं इथे असतात.

दुसरं म्हणजे गंज. लोखंडी खांब वरून रंगवतात, पण तो सडतो जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात. माती, पाणी आणि हवा तिथेच एकत्र येतात, आणि आपल्याकडे त्यात श्वानजातीचा हातभारही असतो. आमचा जुना वायरमन हातोडीने खांब वाजवायचा. चांगला खांब घंटेसारखा वाजतो, सडलेला ‘भद्’ करतो. मग तो डांबर थोडं खरवडायचा आणि पत्र्यात स्क्रू ड्रायव्हर दाबून बघायचा. एकदा तो मुठीपर्यंत आत गेला होता. वर नुकताच चंदेरी रंग मारून क्रमांक टाकलेला.

हे तपासायला वायरमनला लावा. तुम्ही किंवा मंडळातल्या उत्साही मुलांनी दार उघडून बघू नका, आणि ओल्या दिवसांत तर खांबाला हातही लावू नका. जेई साहेबांबरोबर एक फेरी मागा. सातही खांबांना क्रमांक आहेत का, दार कुठे आहे, बुडाशी काय अवस्था आहे, अर्थिंगची पट्टी दिसते का, एवढं त्यांच्यासमोर कागदावर उतरवा आणि फोटो काढून ठेवा. खांब चांगला असेल तर बदलायचा हट्ट धरू नका. दार वर घेता येतं, बुडाला काँक्रीटचा उंच चौथरा करता येतो, आणि जंक्शन बॉक्स मीटरभर उंचीवर बाहेरून बसवता येतो. ओतीव लोखंडाचा नक्षीदार जुना खांब असेल तर तो अजिबात जाऊ देऊ नका.

भिंतीवरचे चार ब्रॅकेट ही वेगळीच डोकेदुखी. वाडा पाडला की ब्रॅकेट जातो. केबल कुठल्या तरी गजाला गुंडाळून ठेवतात, पुढे बांधकाम तीन-चार वर्षं चालतं आणि तेवढा पट्टा अंधारात राहतो. तुमच्या चारपैकी कुठल्या वाड्याचा पुनर्विकास दारात आहे हे पालिकेपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असणार. त्या जागी आत्ताच खांब मागा. गल्ली अरुंद म्हणून खांबाला जागा नाही असं उत्तर आलं, तर मालकाची लेखी संमती आणि ‘इमारत पाडताना दिवा तात्पुरता हलवण्याचा खर्च विकासकाचा’ अशी अट परवानगीत घालता येते का, ते विचारा. एखादा दिवा वीज कंपनीच्या खांबावर असेल तर तेही लिहून ठेवा. खांब त्यांचा आणि दिवा पालिकेचा असेल तर तक्रार दोन्ही टेबलांवर फिरत राहते. तक्रारीतच खांबाचा क्रमांक आणि मालक टाकला की एक फेरा वाचतो.

एवढं झाल्यावर दिव्याकडे येऊ.

लोक वॅट विचारतात. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये. 70 वॅटचा सोडियम दिवा नवा असताना साधारण 6000 लुमेन देतो, पण तो चारी बाजूंना. रिफ्लेक्टर काळवंडलेला आणि काच पिवळी पडलेली असेल तर खाली रस्त्यावर त्यातला मोठा वाटा पोचतच नाही. एलईडीचा उजेड मुळातच एका दिशेला जातो, म्हणून 35 ते 45 वॅटचा बरा दिवा तुमच्या रुंदीच्या गल्लीला पुरतो. कोणी उदार होऊन 70 वॅटचा देऊ केला तर खूश होऊ नका, तो झोत तुमच्याच खिडकीत येणार आहे. वर्षाला रस्त्यावरचा दिवा सुमारे 4200 तास जळतो. 70 वॅटचा सोडियम चोकसकट 83 वॅट धरला तर साडेतीनशे युनिट झाले. 35 वॅटच्या एलईडीला दीडशेसुद्धा लागत नाहीत. 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या पथदिवे कार्यक्रमाचं सगळं गणित याच फरकावर उभं होतं: वाचलेल्या बिलातून दिव्यांचे पैसे फेडायचे. गणित बरोबर आहे. फक्त दिवा बंद पडला तरी बिल वाचतंच, आणि कागदावर ती बचत मोठी गोड दिसते.

खिडकीतल्या झोताचं कारण बहुतेक वेळा वॅटही नसतं, ब्रॅकेटचा कोन असतो. जुने ब्रॅकेट वर उचललेले असतात, दहा-पंधरा अंशांत. सोडियमच्या खोलगट फिटिंगला ते चालायचं. एलईडीचं फिटिंग चपटं. तेच त्या तिरक्या नळीवर सरकवलं की आकाशाकडे तोंड करून समोरच्या घरावर मारा करतं. कोन बदलता येणारा सांधा असलेलं फिटिंग घ्यावं किंवा ब्रॅकेट सरळ करावा. हायड्रॉलिक शिडीची गाडी आलेलीच असते, वर चढलेल्या माणसाला पाच मिनिटं जास्त लागतात. तेवढी ती द्यायला लावा. खालून ओळखायची खूण सोपी: शेजारच्या खांबाशी उभं राहून बघितल्यावर एलईडीचे दाणे सुटे सुटे दिसत असतील तर फिटिंग तिरकं आहे.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे, तुम्हाला पटेलच असं नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आणि आपल्याकडच्या निविदांत 5700 केल्विनच्या आसपासचा पांढरा दिवा सर्रास असतो. कारण सरळ आहे, तो थोडा जास्त लुमेन देतो आणि ‘लख्ख’ दिसतो. घरांच्या गल्लीत मी 3000 केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडच मागेन. 2016 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही रस्त्यांसाठी 3000 किंवा त्याखालीच राहण्याची शिफारस केली, निळ्या उजेडाचा झोपेवर आणि चमकेचा वाहनचालकांवर होणारा परिणाम बघून. मुंबईत 2015 साली मरीन ड्राइव्हवर पिवळे दिवे काढून पांढरे लावले तेव्हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथे मुद्दा राणीच्या हाराच्या देखणेपणाचा होता. तुमच्या गल्लीत झोपेचा आहे. शिवाय पांढऱ्या दिव्यावर पावसाळ्यात किडे जास्त येतात, मग पाली येतात, मग फिटिंगच्या काचेखाली जे साचतं ते बघवत नाही. सोडियमच्या उजेडात निळी साडी काळी दिसायची, रंग धड कळायचे नाहीत, तो दोष मात्र 3000 केल्विनच्या एलईडीत नाही.

काम झाल्यावर उजेड मोजा. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, एक साधा लक्समीटर मिळवा. जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये असतो, नाहीतर मंडळाने विकत घेतला तरी परवडतो. अमावस्येच्या जवळची रात्र धरा, दुकानं बंद झाल्यावर. दोन खांबांच्या मधला एक पट्टा घ्या, तुमच्या गल्लीत तो वीस-बावीस मीटर येईल. गल्लीच्या दोन्ही कडा आणि मध्य अशा तीन रेषांवर दर तीन मीटरला मीटर जमिनीवर सपाट ठेवून आकडा लिहा. आपली सावली त्यावर पडू देऊ नका, सगळे तिथेच चुकतात. भारतीय मानक आयएस 1944 मध्ये मुख्य रस्त्यांना 30 आणि 15 लक्स, तर आतल्या रस्त्यांना 8 आणि 4 लक्स अशी सरासरी दिली आहे. तुमची गल्ली शेवटच्या दोन गटांत येते. वाहतूक असेल तर 8 मागा.

पण सरासरीने फसू नका. खांबाखाली 25 लक्स आणि दोन खांबांच्या मधे एक, तरी सरासरी छान निघते. डोळा खांबाखालच्या उजेडाला सरावतो आणि मधला पट्टा त्याला आहे त्याहून काळा दिसतो. म्हातारी माणसं तिथेच ठेचकाळतात. म्हणून मानकात सगळ्यात कमी आकडा सरासरीच्या 0.3 पट तरी असावा असं आहे. सरासरी 8 असेल तर अंधाऱ्या जागी किमान 2.4. तो मिळत नसेल तर वॅट वाढवून उपयोग नाही. दिव्याची लेन्स चुकीची आहे किंवा मधे एक दिवा कमी आहे.

झाड आडवं येत असेल तर तेही याच वेळी. फांद्या मात्र परस्पर तोडू नका. 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि उन्हाळ्यात अर्ज केला तर पावसाआधी छाटणी होते. कधी कधी फांदी तोडण्यापेक्षा ब्रॅकेट लांब केला की काम भागतं.

देखभालीचं म्हणाल तर हमी पाच वर्षांची की सात, यापेक्षा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा: ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का? काही फिटिंग पूर्ण बंद असतात, ड्रायव्हर गेला की अख्खा दिवा टाकायचा. काहींत मागचा कप्पा उघडून दहा मिनिटांत नवा ड्रायव्हर बसतो. दुसऱ्या प्रकारचा मागा. त्यातही मेख आहे. प्रत्येक ड्रायव्हर ठरावीक मिलिॲम्पिअरचा असतो. तीन वर्षांनी ते मॉडेल बंद झालेलं असतं आणि कोणीतरी हाताला येईल तो बसवतो. दिवा महिनाभर जोरात चमकतो आणि एलईडीची प्लेटच जाते. म्हणून तुमच्या गल्लीच्या मापाचे निदान दोन ड्रायव्हर वॉर्डाच्या स्टोअरमध्ये शिल्लक ठेवायला सांगा आणि फिटिंगच्या नावपट्टीचा फोटो दिवा वर चढायच्या आधी काढा. एकदा वर गेला की ती पट्टी कोणाला दिसत नाही.

तक्रार करताना अंधार कसा आहे ते नीट सांगितलं तर अर्धं निदान फोनवरच होतं. एकच दिवा बंद असेल तर फिटिंग किंवा खांबातला कट-आउट. दर तिसरा बंद असेल तर एक फेज गेलीय, माणूस पिलरकडे पाठवायचा. एका खांबापासून पुढचे सगळे बंद म्हणजे मधे केबल तुटली. आधी कोणी रस्ता खोदलाय का ते बघा, पाण्याची लाइन, गॅस, इंटरनेट कोणीही असेल. सगळी गल्ली बंद असेल तर टायमर, काँटॅक्टर (सगळे दिवे एकदम चालू-बंद करणारा स्विच) किंवा मुख्य एमसीबी. सगळे दिवे दिवसा जळत असतील तर बहुधा काँटॅक्टरचे पॉइंट चिकटलेत. एलईडीच्या ड्रायव्हरना चालू होताना क्षणभर मोठा करंट लागतो, जुना झिजलेला काँटॅक्टर त्यात चिकटतो. जुना सोडियम लागतो, पाच-दहा मिनिटांनी विझतो, थंड झाला की पुन्हा लागतो, असं चाललं असेल तर दिव्याचं आयुष्य संपलंय. आणि एलईडी भपकभपक करत असेल तर ड्रायव्हर शेवटच्या घटका मोजतोय.

केबल तुटल्यावर ती जोडतात कशी, यावर लक्ष ठेवा. खड्ड्यात पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या पावसापुरता असतो. जॉइंटिंग किट वापरून केलेला जोडच घ्या आणि खड्डा बुजवण्याआधी फोटो काढा. दुसरा शॉर्टकट म्हणजे खांबावरून खांबावर वरून टाकलेली ‘तात्पुरती’ वायर. ही वायर तीन-तीन वर्षं लोंबकळत असलेली मी पाहिली आहे, खाली वाळत घातलेल्या कपड्यांसकट.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. गणपतीत मांडवाची रोषणाई खांबातून घेऊ नका, घेऊ देऊ नका. दार उघडून दोन वायरी अडकवल्या जातात, दहा दिवसांनी मांडव उतरतो, पण ढिला झालेला स्क्रू आणि उघडं दार तसंच राहतं. तो ढिला स्क्रू न्यूट्रलचा निघाला तर वर सांगितलेली एकोणीस दिव्यांची गोष्ट तुमच्याकडे घडेल. मांडवाला तात्पुरतं मीटर मिळतं. फ्लेक्स आणि केबलवाल्यांचे डबे यांनाही खांबावर जागा देऊ नका, वाऱ्याचा सगळा भार त्या गंजलेल्या बुडावर येतो.

पालिकेने टाळाटाळ केली तर भांडायच्या आधी दोन कागद हातात ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही. दुसरा कागद म्हणजे शेजारच्या प्रभागातल्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची नक्कल आणि हमीची अट. माहितीच्या अधिकारात मिळतात. त्यात केबल आणि अर्थिंगचं किती काम लावलंय ते बघा. फक्त ‘फिटिंग पुरवणे व बसवणे’ एवढीच ओळ असेल, तर तुमच्या गल्लीच्या अंदाजपत्रकात अर्थिंग, लग, जंक्शन बॉक्स आणि केबलच्या ओळी आत्ताच घालून घ्या. निविदा निघाल्यावर त्या घालणं कुणाच्याच हातात राहत नाही.

काढलेले सोडियमचे दिवे आणि ट्यूबा कोपऱ्यावर फोडू देऊ नका, त्यांत पारा असतो. ते मोजून स्टोअरला परत गेले पाहिजेत.

फेरी झाली की खांबांचे फोटो आणि फीडर पिलरचा एक फोटो मला पाठवा. पिलरचं दार मात्र वायरमनलाच उघडायला सांगा.